डाव्या टाचेची खूण

१

हिकोझो आपल्याच अंगणात उताणा पडला होता आणि त्याच्या डाव्या मुठीत मीठ होतं.

मोंजिरो काठी टेकत पोचला, तोवर वरच्या गावातली निम्मी माणसं कुंपणाबाहेर गोळा झाली होती. आत पाऊल टाकायला कुणी धजत नव्हतं. डॉक्टर हात पुसत उठला.

"पायरीच्या दगडावर डोकं आपटलंय," तो म्हणाला. "आपण होऊन पडला की कुणी पाडला, ते मला विचारू नका. पोलिसांची बोट दोन वाजता लागेल."

लोकांचे डोळे मात्र प्रेतावर नव्हते. ते ओसरीकडे बघत होते. ओसरीच्या कडेला, दोन बुटक्या लाकडी घोड्यांवर, हिकोझोचा खांब आडवा ठेवलेला होता, आणि त्या खांबाचं टोक कुणीतरी कापून नेलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी देवळावर नवं छप्पर चढलं तेव्हा बेटावर मोठी सुमो झाली होती. रिंगणाचे चार खांब शेवटी दोन्ही गावांच्या मल्लांना वाटले जातात, आणि थोरला मल्ल खांबावर बसून गावाच्या खांद्यांवरून घरी येतो. मग तो खांब जन्मभर वळचणीला. घरातले पितर हलवतील, पण खांब हलवणार नाहीत. त्यातही ज्यानं पहिली झुंज जिंकली, त्याच्या खांबाच्या टोकावर देवळाचा पुजारी शाईनं एकच अक्षर लिहितो, त्याचा अर्थ 'पहिली'. वरच्या गावात तेवढं एकच अक्षर होतं, आणि आज तेच गेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं हिकोझोची उजवी बाजू गेली. तेव्हा त्यानं खांब खाली उतरवून घेतला होता, अंथरुणावरून हात लागेल असा.

"कोण ते आम्हाला ठाऊक आहे," कारभारी कुराता म्हणाला. त्याचा चेहरा रागानं काळानिळा पडला होता. "खालच्या गावचा इवाओ. उजाडताना गाठोडं छातीशी धरून इथून बाहेर पडताना सेइजीनं पाहिलाय. देवळाच्या नगाऱ्याच्या खोलीत कोंडून ठेवलाय त्याला."

"इवाओ?" मोंजिरो म्हणाला. "अरे, दुपारी बाराला त्याच्या बापाला, तोमेकिचीला, अग्नी द्यायचाय!"

"देईल दुसरा कुणी."

"थोरला मुलगा असताना?"

"पंचकाका, तुम्ही ना वरच्या गावचे, ना खालच्या. तीन मोठ्या झुंजींना तुम्ही पंचाचा पंखा धरलात. तुम्ही बघा आणि सांगा. तुम्ही सांगाल ते दोन्ही गावं ऐकतील. पण बाराच्या आत सांगा. नाहीतर पोरगा पोलिसांच्या ताब्यात, आणि बाप त्याच्याविना जळेल."

मोंजिरो अंगणात उतरला. समुद्रकाठची बारीक, पांढरी वाळू. हिकोझोची बायको मात्सुए रोज संध्याकाळी ती झाडून सारखी करायची. त्या वाळूत काठीनं ओढलेली एक वाकडी रेघ होती, अर्ध्या वर्तुळाची. रेघेच्या आत अनवाणी पावलं. आणि रेघेच्या बाहेर, बोटभर अंतरावर, एकच टाच. डाव्या पायाची.

मोंजिरोचा उजवा पाय आपसूक पुढे सरकला, वाळू सारखी करायला.

"भावजी," ओसरीवरून मात्सुए म्हणाली, "पुसू नका ते."

त्याचा पाय जागच्या जागी थिजला.

२

मात्सुए रडत नव्हती. तिनं चहा ओतला, आणि तो तसाच गार होत राहिला.

"रात्री तुम्ही घरी नव्हता, वहिनी?"

"खाली होते. तोमेकिचींच्या घरी, रात्र जागवायला. यांनीच पाठवलं. म्हणाले, जा, त्याच्या बायकोपाशी बस, सकाळीच ये. बावीस वर्षांत मला त्या घराची पायरी चढू दिली नव्हती यांनी. एका नावेत वाढलेले दोघे, पण देवळाच्या सुमोत समोरासमोर झुंजले, त्यानंतर एकमेकांशी शब्द नाही. का, ते कधी सांगितलं नाही. मी विचारायचं सोडून दिलं."

"काल काय झालं?"

"काल दिवेलागणीला रिओगेन महाराजांचं प्रवचन होतं तिथं, तोमेकिचींसाठी. तुम्ही होतात की."

मोंजिरो होता. रिओगेन गात गात सांगायचे. सत्तरीतला तो गळा एकदा वर चढला की बायाबापड्या पदराआड हुंदके द्यायच्या आणि मोंजिरोच्या ओठांवर आपसूक नाम यायचं. काल ते नदीपलीकडच्या वाटेचं गात होते. मेलेला माणूस नदी उतरून जातो. पाणी सगळ्यांना सारखंच, पण ज्याच्या घरात दुसऱ्याची वस्तू राहिली, त्याच्या पायाला ती धोंड्यासारखी बांधलेली. आणि ज्याची ती वस्तू, तोही काठावर खोळंबलेला. 'दे रे, देऊन टाक, तो वाट पाहतो आहे,' हे पालुपद त्यांनी सात वेळा म्हटलं होतं.

"वाऱ्यानं सगळं इथवर येत होतं," मात्सुए म्हणाली. "मी निघाले होते. मागं वळून पाहिलं तर हे खांबावर डोकं टेकून रडत होते. मला म्हणाले, इवाओला सांग, उजाडता ये, आणि कुणाला सांगू नकोस. मी सांगितलं त्याला."

"म्हणजे इवाओ बोलावल्यावरून आला! मग हे तुम्ही कारभाऱ्यांना का नाही सांगितलं?"

"सेइजी म्हणाला, काकू, गप्प बस. घराच्या नावाचा प्रश्न आहे." तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "आणि मला कुणी विचारलंच कुठं, भावजी?"

मोंजिरो खांबापाशी गुडघ्यांवर बसला. कापलेल्या तोंडावरून त्यानं बोट फिरवलं. धडधाकट माणूस एवढा देवदार दहा-वीस ओढींत कापतो, आणि काप सरळ येतो. हा काप आठ-नऊ ठिकाणी अडखळला होता. जिथं जिथं कापणाऱ्यानं दम खाल्ला, तिथं तिथं पायरी पडली होती. ओसरीच्या फळ्यांवर लाकडाचा भुसा पसरला होता, आणि त्या भुशात मांडी घालून बसलेल्या माणसाच्या आकाराची मोकळी जागा होती. तो परत अंगणात गेला. प्रेताची डावी बाही नाकाशी धरली. देवदाराचा वास आला.

करवत घोड्याखाली पडली होती. तिच्या मुठीवर सेइजीच्या नावाचं अक्षर कोरलेलं होतं.

३

सेइजी हिकोझोचा पुतण्या. वीस-बावीसचा, मानेवर वळ्या असलेला दांडगा गडी. पुढच्या महिन्यात नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला पुन्हा मोठी सुमो व्हायची होती. त्यात वरच्या गावाचा थोरला मल्ल सेइजी, खालच्या गावाचा इवाओ.

"तुला बरंच झालं म्हणायचं," मोंजिरो म्हणाला. "समोरचा मल्ल कोठडीत, तुझा खांब न झुंजताच घरी."

"तोंड सांभाळा, काका! वय झालंय म्हणून ऐकून घेतो."

"करवत तुझी."

"काकांनी मागितली काल. शेगडीची लाकडं कापायची म्हणाले."

"ज्याला तीन वर्षं भात भरवावा लागतो, तो लाकडं कापणार?"

सेइजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"आणि तुझ्या घरामागं कापलेल्या सरपणाची रास लागलेली असते, ती काय विकायला ठेवलीयेस? बाळा, मी जन्मभर मल्लांच्या डोळ्यांकडे बघत आलोय. कोण उजवीकडे झेपावणार, कोण खोटी हूल देणार, मला आधी कळतं. बोल."

सेइजीनं मान फिरवली. "काकांनी सांगितलं, देवळात जा, दोन्ही गावांना बोलाव, आणि सांग की 'पहिली' माझी नाही. महिन्यावर सुमो आलीय, आणि मी जाऊन सांगू की आमच्या घराचं अक्षर खोटं? मी म्हटलं, तुमचं डोकं फिरलंय. करवत तिथं टाकली आणि निघून आलो. मला काय माहीत, ते खरंच... मी थांबलो असतो तर पडले नसते."

"मग इवाओवर का घातलंस?"

"गाठोडं घेऊन जाताना पाहिला, ते खोटं नाही. पण पाडलं असं मी म्हटलं नाही. ते कारभाऱ्यांनी म्हटलं. मी फक्त... नाही म्हटलं नाही."

"'पहिली' त्यांची नाही, मग कुणाची, हे विचारलं नाहीस?"

"विचारलं की."

"काय म्हणाले?"

सेइजीनं डोळे वर केले. "म्हणाले, पंचांना विचार."

४

नगाऱ्याच्या खोलीत इवाओ भिंतीला पाठ लावून बसला होता. अंगावर बापाच्या सुतकाचे पांढरे कपडे, पायांत रबरी बूट. वाळूत त्या बुटांची रांग मोंजिरोनं पाहिली होती: फाटकापासून कुंपणाच्या कडेनं ओसरीपर्यंत, आणि तशीच परत. रेघेच्या जवळपासही ती गेली नव्हती.

"वाजले किती, काका?"

"दहा."

"अजून दोन तास." तो स्वतःशीच म्हणाला.

"तुकडा कुठं आहे?"

इवाओ खिडकीच्या जाळीकडे बघू लागला.

"कारभाऱ्यांच्या माणसांनी तुझं घर उलटंपालटं केलं. तांदळाच्या डब्यात हात घातले, जमिनीच्या फळ्या उचकटल्या. एकच गोष्ट उघडली नाही." मोंजिरो हलकेच म्हणाला, "बापाच्या शवपेटीत ठेवलायस ना रे?"

इवाओ एवढा धिप्पाड गडी, पण झटक्यात पुढे होऊन त्यानं जमिनीला कपाळ टेकवलं.

"काका, बारापर्यंत गप्प बसा. मग मला पोलिसांना द्या, कुणालाही द्या. हिकोझोकाकांनी शब्द घेतलाय. म्हणाले, हे त्याचं आहे, त्याच्याबरोबर जाऊ दे. राख होईपर्यंत बोलू नकोस, नाहीतर माझेच लोक पेटी फोडून काढून घेतील. ते जिवंत होते हो मी निघालो तेव्हा! ओसरीवर बसून माझ्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"का त्याचं, ते नाही सांगितलं?"

"विचारलं. म्हणाले, तुझ्या बापाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे. तिसऱ्याला ठाऊक होतं, का नुसतीच त्याची नजर चुकली, तेवढंच मला आजवर कळलं नाही." इवाओनं मान वर केली. "तिसरा कोण, काका?"

बाहेर पहाऱ्यावरचा कुराताचा माणूस खोकला. मोंजिरोनं काठी उचलली. तो दाराकडे वळला.

५

साडेअकराला देवळासमोर दोन्ही गावं उभी होती. मध्ये मोकळी जागा ठेवून, एक इकडे, एक तिकडे.

"हिकोझोला कुणी पाडलं नाही," मोंजिरो म्हणाला. त्याचा आवाज अजूनही रिंगणापलीकडे पोचायचा. "खांब त्यानं स्वतः कापला. रात्रभर बसून, डाव्या हातानं, दम खात खात. भुसा त्याच्या बाहीत आहे, काप बघितला तर तुम्हालाही कळेल. इवाओला त्यानंच बोलावलं, मात्सुएवहिनी निरोप घेऊन गेल्या. इवाओच्या बुटांच्या खुणा ओसरीपाशी आहेत, रेघेपाशी नाहीत. ढकलणाऱ्याचे पाय पडणाऱ्याच्या समोर उमटतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिथं एकाच माणसाची पावलं आहेत."

मात्सुए मान हलवून हो म्हणाली. सेइजी खाली बघत होता, पण त्यानंही हो म्हटलं.

"मग अंगणात कशाला उतरला तो?" कुराता म्हणाला. "धड उभं राहता येत नव्हतं त्याला."

"मलाही तोच प्रश्न पडला. ज्याची उजवी बाजू मेलीय, तो सगळा भार डाव्या पायावर देतो. डावा पाय तो कधी मागं टाकणार नाही, टाकला तर पडणारच. तरी रेघेबाहेर टाच आहे ती डावी. म्हणजे ती मुद्दाम टाकलेली. त्यानं काठीनं रिंगण काढलं, झुंजीआधी मल्ल घेतो तसं मीठ मुठीत घेतलं, आणि डावा पाय मागं टाकला. कुणालातरी दाखवायला."

"कुणाला? काय दाखवायला?" कुराताचा आवाज चढला. "पंचकाका, तुमचं सगळं कबूल. पण खांब का कापला? 'पहिली' कापून देणारा माणूस या बेटावर जन्मला नाही. कारण सांगा. कारण नसेल तर मी म्हणेन, पोरानं धमकावून कापून घेतली. मग तो आत, आणि आम्ही ती पेटी उघडून बघणार."

खालच्या गावात गलका उठला. कुणीतरी काठी उगारली. नगाऱ्याच्या खोलीच्या जाळीमागं इवाओचे हात दिसत होते.

मोंजिरोला वाटलं, अजूनही काही सांगता येईल. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं म्हणावं. सेइजी हो म्हणेल. मग त्यानं त्या हातांकडे पाहिलं.

"कारण 'पहिली' हिकोझोची नव्हती," तो म्हणाला. "बावीस वर्षांपूर्वी त्या पहिल्या झुंजीत हिकोझोची डावी टाच आधी बाहेर पडली. बोटभर. तोमेकिची जिंकला होता. मी विजयाचा पंखा हिकोझोकडे केला."

उगारलेली काठी खाली आली.

"चुकलात तुम्ही?" कुराता पुटपुटला.

"नाही. पाहिलं मी. वाळूत टाच उमटली होती. परत फिरताना मी ती पायानं पुसली."

त्याला थांबवत नव्हतं. "आठवा ते वर्ष. वरच्या गावाची नाव बुडाली होती. सात माणसं. त्या सात जणांच्या बायका पहिल्या रांगेत उभ्या राहून हिकोझोवर मीठ उधळत होत्या, आणि रडत होत्या. मला वाटलं, एवढं त्यांना मिळू दे. आपली रीतच आहे ना, पहिली झुंज अंगाची, दुसरी मनाची. जो पहिली जिंकतो तो दुसरी हसत हसत हरतो, दोघं बरोबरीनं घरी जातात, कुणाच्या मनात सल राहत नाही. मला वाटलं, दुसरीत सगळं सारखं होईलच की. काय बिघडलं?"

"म्हणजे," इवाओ जाळीमागून म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, "बाबांनी दुसरी झुंज जिंकली, ती दान म्हणून. ज्याला हरवलं होतं, त्याच्याकडून भीक घेतल्यासारखी."

"आणि हिकोझोनं जे त्याचं नव्हतं ते दान केलं," मोंजिरो म्हणाला. "म्हणून दोघं बोलेनासे झाले. हिकोझो वाट बघत राहिला, पंच कधीतरी बोलतील. मी बोललो असतो तर दोघं पुन्हा एका नावेत बसले असते."

सात विधवांपैकी दोघी अजून जिवंत होत्या. त्यातली एक गर्दीतून पुढे आली. मोंजिरोला वाटलं, ही तरी समजून घेईल. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आम्ही मागितलं होतं का हो?" ती म्हणाली, आणि चालू लागली.

कुरातानं किल्ली काढून सेइजीच्या हातात दिली. वरच्या गावातल्या एकानं देवळाच्या खांबावरची पुढच्या महिन्याच्या सुमोची पाटी काढली आणि उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली.

६

बाराला तोमेकिचीच्या पेटीला अग्नी लागला, आणि तो इवाओनं दिला. आत बापाच्या छातीशी काय होतं ते आता सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कुणी हात घातला नाही. रिओगेन महाराजांनी गायला सुरुवात केली, पण गळा अर्ध्यावर बसला. पुढचं त्यांनी नुसतं म्हटलं. मात्सुए तोमेकिचीच्या बायकोशेजारी उभी होती. उद्या हीच माणसं वरच्या गावात हिकोझोसाठी येणार होती, आणि गेलेल्या त्या दोन मित्रांना एकमेकांशी बोलायला आता कुठलंच अंगण उरलं नव्हतं.

मोंजिरो लांब, दगडी बांधापाशी उभा राहिला. त्यानं नाम घेऊन पाहिलं. ओठ हलले, पण त्यापलीकडे काही झालं नाही.

परतताना वाटेवर खालच्या गावातली एक बाई मिठाचं भांडं घेऊन उभी होती. स्मशानातून येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर शुद्धीसाठी चिमूटभर मीठ टाकून मगच ती त्याला पुढे जाऊ देत होती. मोंजिरो आला तेव्हा तिनं भांड्यावर झाकण ठेवलं.

तो तिच्या बाजूनं निघून गेला. पुढे वळणावर इवाओनं त्याला गाठलं. धुरानं त्याचे डोळे लाल झाले होते.

"मला सोडवलंत, त्याचे उपकार आहेत," तो म्हणाला. "त्यापुढे एकच विचारतो. तुम्ही टाच पुसलीत, ते बाबांनी पाहिलं होतं?"

"हो."

"नक्की?"

"मी वर बघितलं तेव्हा तो माझ्याच पायाकडे बघत होता. मग त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं."

इवाओनं बाहीनं डोळे पुसले. "मग दर नव्या वर्षाला ते तुमच्याकडे सुक्या मासळीची, म्हाकुळांची माळ घेऊन का यायचे? स्वतः वाळवायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, पंचांची आहेत."

"तो यायचा. माळ द्यायचा. दारात थोडा वेळ थांबायचा."

"काही बोलायचे?"

"नाही. मी चहा घे म्हणायचो. तो म्हणायचा, नको, आणि तरी थांबायचा."

इवाओनं मान हलवली, जशी मल्ल हरल्यावर हलवतो, आणि खालच्या वाटेनं उतरून गेला.

मोंजिरो घरी आला. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, दारात मीठ टाकायला कुणी नव्हतं. आत चुलीवर, धुरकटलेल्या वाशाला, या वर्षीची माळ लटकत होती. त्यातली तीन म्हाकुळं अजून शिल्लक होती. उंबऱ्याबाहेरून ती दिसत होती.

त्यानं आत पाऊल टाकलं नाही. तोमेकिची जिथं थांबायचा, बरोबर त्याच जागी तो उभा राहिला.